मशीनच्या नावावर

जगातलं कुठलंही मशीन रघू घाडीसारखं चित्र काढू शकत नाही, असं मानणारा जगात एकच माणूस होता, तो म्हणजे स्वतः रघू घाडी. पण तो ते इतक्या रागाने मानायचा की समोरच्याची नाही म्हणायची छाती होत नसे.

लालबागला मसाल्याच्या गिरण्यांच्या मागे त्याचा गाळा. आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने रस्त्यावरून बोलायचं. मिरचीचं कांडप सुरू झालं की गिऱ्हाईक शिंकून बेजार व्हायचं. रघूचं नाक मात्र टर्पेंटाइनने कधीच मेलेलं. तरुणपणी तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. परळपासून दादरपर्यंत सलूनांच्या काचांवर जी देखणी मुंडकी दिसायची, ती बहुतेक रघूची. मग फ्लेक्स आलं. पाट्या गेल्या, मुंडकी गेली, आणि रघूला नवा धंदा सापडला. गिरगावातल्या एका कला महाविद्यालयाच्या पोरांची सबमिशनं तो काढून द्यायला लागला.

याला कुणी फसवणूक म्हटलं की त्याचं डोकं फिरायचं.

"फसवणूक कसली? पोराला ताप आला, पोर प्रेमात पडलं, पोर नुसतंच झोपून राहिलं, तर त्याचं वर्ष बुडवायचं? मी मदत करतो."

आणि मदतसुद्धा किती इमानदारीची. साठ टक्केवाल्या पोराला तो साठ टक्क्यांचंच चित्र द्यायचा. ज्याला पाय जमत नाहीत त्याच्या चित्रातले पाय चुकवायचा, तेही त्या पोराच्या पद्धतीने. चांगलं काय कोणीही काढेल, रघू म्हणायचा, दुसऱ्याच्या मापाने वाईट काढायला हात लागतो.

त्याच्याच घरातली मनवा, म्हणजे थोरल्या बहिणीची, सुभद्राची मुलगी, त्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. लहानपणी ती मामाच्या गाळ्यात बसून, मामाचा हात बघून चित्र काढायला शिकली. कॉलेजात गेल्यापासून मात्र ती मामाला आपल्या कागदाच्या जवळही येऊ देत नसे. "मी पडेन नाहीतर पास होईन, माझी मी," म्हणायची. रघूला याचा अभिमान वाटायचा आणि अपमानही वाटायचा, साधारण एकाच वेळी.

तर अशा सुरळीत चाललेल्या धंद्यात एक दिवस अजित गाळ्यावर आला. अजित रघूचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, तिसऱ्या वर्षाला दुसऱ्यांदा बसलेला.

"काका, चहा पाजा."

"काम आणलंस?"

"काम झालं." अजितने मोबाइल पुढे केला. पडद्यावर एक म्हातारा कोळी जाळं विणत बसला होता. "एआय. फक्त लिहायचं. म्हातारा कोळी, जाळं विणतोय, जलरंग. आला बाहेर. प्रिंट मारायची, काचेवर ठेवून ट्रेस करायची, वरून पाण्याचा हात फिरवायचा."

रघूने चष्मा पुसला, कोळ्याकडे बघितलं. "जाळ्याला गाठ एक नाही. हा विणतोय की कुरवाळतोय?"

"आमच्या वर्गाच्या मॅडमनी पास केलं, काका."

"अरे, पण ही फसवणूक आहे."

अजितने मागे वळून बघितलं. त्याला वाटलं, दारात दुसरं कुणीतरी येऊन बोललं.

पुढचे काही महिने रघू नुसता धुमसत होता. गिऱ्हाईक थांबलं ते थांबलंच, वर जो तो मोबाइलवर फुकट चित्र काढतो म्हणून सांगायला येत होता. जेवताना त्याचा हात भाताशी भांडत असल्यासारखा चालायचा.

"शिक्षणाचा बाजार मांडलाय," तो एका रात्री म्हणाला. "कॉलेजने नियम करायला पाहिजे. दुसऱ्याकडून काढून घेतलेलं चित्र स्वतःचं म्हणून द्यायचं म्हणजे काय?"

मनवाने घास खाली ठेवला. "मामा, मग तुझं आणि मशीनचं वेगळं काय?"

"मशीन विचार करतं का, या पोराला पाय येत नाहीत म्हणून?"

"तेच म्हणते मी. निदान मशीन इतका विचार करून फसवत नाही."

रघूने ताट सरकवलं. सुभद्राने ते परत त्याच्यापुढे सरकवलं. "रघ्या, जेवणावर राग काढू नको. मगे मध्यरात्री डबे धुंडाळतलंस."

आणि खरंच नियम आला. सीमा जाधव मॅडम म्हणून नव्या विभागप्रमुख आल्या होत्या. त्यांनी नोटीस लावली: सबमिशनमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर आढळला तर काम रद्द, वर्ष वाया. मनवाने फोटो दाखवला तेव्हा रघूने तो आपल्या मोबाइलवर मागून घेतला, आणि मसाला कुटणाऱ्या बायकांना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांना त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण घाडी हसतोय हे बऱ्याच दिवसांनी बघून त्याही हसल्या.

"बाई शिकलेली आहे," रघू म्हणाला. "बाईला कलेची चाड आहे."

आठवड्याभरात गिऱ्हाईक परतलं. आधी अजित आला, मान खाली घालून. मग अजितचे मित्र, मग मित्रांच्या मैत्रिणी. दिवाळीच्या आधी सबमिशन होतं, सगळ्या वर्षांना एकच विषय होता 'काम करणारी माणसं'. रघूने कुणालाच नाही म्हटलं नाही. मशीनने पळवलेला एकेक माणूस त्याला परत हवा होता. शिंपी, पाववाला, नर्स, वेल्डर, गजरेवाली. तो काढत सुटला. पाय ज्याचे त्याच्या मापाने चुकवले, रंग ज्याचे त्याच्या लायकीप्रमाणे मळवले. पण एक गोष्ट नेहमीसारखीच राहिली. हात काढायचा झाला की तो स्वतःचाच डावा हात समोर धरायचा, आणि रंगाच्या डब्यांची झाकणं उचकटून उचकटून त्या हाताचा अंगठा बाहेरच्या अंगाला वाकला होता. त्यामुळे शिंपी असो की नर्स, लालबागपासून दहिसरपर्यंतच्या सगळ्या कष्टकऱ्यांना रघू घाडीचा अंगठा मिळाला.

सबमिशन झालं आणि चार दिवसांनी दुसरी नोटीस लागली. खाली बावीस नावं. या विद्यार्थ्यांचं काम एकाच यंत्राने तयार केलेलं दिसतं. जे सोमवारपर्यंत लेखी कबुली देतील त्यांना वर्गात बसून पुन्हा काढायची संधी मिळेल. जे देणार नाहीत, त्यांचं वर्ष रद्द.

अजित धावत गाळ्यावर आला, पण रडवेला वगैरे नव्हता. "काका, टेन्शन नाही. आम्ही सगळे सही करतोय. एआय वापरलं म्हणून."

"कुणी वापरलं?"

"कुणीच नाही. पण तुमचं नाव घेतलं तर अजून लफडी. मशीनचं घेतलं की बोंबलणार कोण?"

रघूने हातातला ब्रश आपटला. "ते चित्र मी काढलंय. पाठीचा काटा ढिला झाला माझ्या. आणि तू ते मशीनच्या नावावर लिहून देणार?"

"काका, तुमच्या नावावर तर ते आधीपण नव्हतंच ना."

रघूने त्याला गाळ्याबाहेर काढलं.

घरी आला तर मनवा खिडकीशी पाठ करून बसली होती. सुभद्राने डोळ्यांनीच खूण केली, काही बोलू नको. रघू अर्थातच बोलला.

"काय झालं?"

"बावीसमध्ये माझं नाव आहे."

"तुझं? तू तर स्वतः काढलंस."

"स्वतः काढलं, पण शिकले कुणाकडून?" ती वळली. डोळे लाल होते, पण पाणी नव्हतं. नुसता राग होता. "माझ्या चांभाराचा हातपण तुझ्याचसारखा आलाय. मला दुसरा हात येतच नाही. मी सही करणार नाही, मामा. न केलेलं केलं म्हणणार नाही. आणि खरं सांगायचं तर तुझं नाव सांगायला लागेल, तेही सांगणार नाही. म्हणजे माझं वर्ष गेलं."

सोमवारी सकाळी त्याने इस्त्रीचा शर्ट घातला.

"खंय चललंस?" सुभद्राने विचारलं.

"कॉलेजात."

"भांडू नको हां."

"भांडायलाच चाललोय."

गिरगावला बसमधून उतरेपर्यंत त्याने भाषण पाठ केलं होतं. सुरुवात शांतपणे करायची असं ठरवलं होतं. पण विभागप्रमुखांच्या खोलीत शिरला आणि लांबलचक टेबलावर स्वतःची चित्रं पसरलेली दिसली. प्रत्येकाच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने 'यंत्र' लिहिलेलं. झालं. भाषण विसरला.

"हे यंत्राचं आहे म्हणून कुणी सांगितलं तुम्हाला?"

टेबलामागे चाळिशीच्या, केस बारीक कापलेल्या बाई बसल्या होत्या. भिंतीशी पोरं सह्या करायला रांगेत उभी होती. अजितने रघूला बघितलं आणि तो हळूच पुढच्याच्या पाठीमागे सरकला. रांगेबाहेर, दाराजवळ, मनवा एकटी उभी होती.

"आपण?" जाधव मॅडमनी विचारलं.

"पालक."

"कोणाचे?"

रघूने टेबलावरून नजर फिरवली. शिंपी, नर्स, वेल्डर, गजरेवाली. सगळ्यांनी आपापला वाकडा अंगठा त्याच्याकडे केला होता.

"सगळ्यांचा," तो म्हणाला.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "बसा. आणि यंत्राचं नाही कशावरून, ते सांगा."

रघू बसला नाही. त्याने पहिला कागद उचलला. "हा अजितचा. याचा डावा पाय बघा, मुद्दाम आखूड केलाय. अजितचे पाय नेहमी आखूड येतात. यंत्राला अजित माहिती आहे? ही गजरेवाली. हिच्यातला हिरवा मळवायला मला अर्धा दिवस लागला, कारण त्या पोरीला स्वच्छ हिरवा जमत नाही. हा वेल्डर जरा जास्तच बरा झाला, म्हणून नंतर त्याचा कान बिघडवला." एकेक कागद उचलत, एकेक पोराचं नाव घेत तो टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. मागे रांगेत कुणीतरी "काका, बस करा" असं रडक्या आवाजात म्हणत होतं. पण रघूला आता कोण थांबवणार. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्याचं काम त्याच्या तोंडून ऐकून घेत होतं.

शेवटच्या कागदावर एक चांभार चप्पल शिवत बसला होता. रघू थांबला.

"हे माझं नाही."

"तेही तसंच दिसतंय," मॅडम म्हणाल्या. "तोच अंगठा."

"अंगठा माझा. काढणारा मी नाही." दाराकडे न बघता तो बोलला. "हे कोपर बघा. हात दुमडला की हाड असं वर येतं? हा माणूस टाका घालतोय, की कोपराने डास मारतोय? मेलो तरी असलं कोपर माझ्या हातून उतरायचं नाही. मुद्दाम चुकवलेलं आणि खरंच चुकलेलं यात फरक असतो, मॅडम. हे खरंच चुकलंय. हे पोरीने स्वतः काढलंय, प्रामाणिकपणे, आणि साफ चुकीचं."

मनवाचा चेहरा गजरेवालीच्या चित्रात मागे रंगवलेल्या विटांसारखा लाल झाला होता.

जाधव मॅडमनी चांभार हातात घेतला, खिडकीशी नेऊन बघितला. "खरंच की," त्या म्हणाल्या. "कोपर माझ्या लक्षातच आलं नव्हतं." मग त्या रघूकडे वळल्या. "यंत्राचं नाही हे मला पहिल्याच दिवशी कळलं. जुनी सबमिशनं काढून बघितली. तीन वर्षं हाच अंगठा. पण नोटिशीत माणूस लिहिलं असतं तर कुणी आलं नसतं. यंत्र लिहिलं, म्हणजे ज्याचा हात आहे त्याला राग येईल. फक्त ही मुलगी त्यात आहे की नाही, हे मला कळत नव्हतं. ते तुम्ही सांगितलंत."

रघूला राग आला. राग होता, भरपूर होता, पण तो नक्की कुणावर काढायचा हे ठरत नव्हतं.

निकाल तिथल्या तिथे लागला. एकवीस जणांनी वर्गात, मॅडमच्या समोर बसून, पुन्हा काढायचं, आणि या विषयाचे निम्मे गुण कापून. नियमात 'यंत्र' शब्दाच्या पुढे 'किंवा अन्य व्यक्ती' वाढलं. रघूला शिक्षा करायचा कॉलेजला अधिकार नव्हता. तेवढं काम पोरांनी जिन्यात केलं. अजित जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. मनवा पास झाली. कोपराचे सहा गुण मात्र गेले, तज्ज्ञाच्या मतावरून.

ती आठवडाभर मामाशी बोलली नाही. त्याच्यासमोरून अशी जायची, जशी भिंतीसमोरून जातेय. मग रविवारी दुपारी ती गाळ्यावर आली, कागद मांडीवर घेऊन समोर बसली आणि म्हणाली, "बाही वर कर. हात दुमड."

रघूने निमूट बाही वर केली. ती काढायला लागली. बाजूला मिरचीचं कांडप चालू होतं, ती शिंकत होती आणि काढत होती. रघूने मान लांब करून कागदात बघितलं. हाड पुन्हा वर गेलं होतं. तेच. अगदी तसंच.

त्याचा हात आपोआप पेन्सिलीकडे गेला.

"हात लावायचा नाही," मनवा म्हणाली.

"अगं, पण चुकतंय."

"माझं चुकतंय. हलू नको."

रघू घाडी कोपर दुमडून बसला. डोक्यात तिडीक गेली होती, कानशिलं तापली होती. आयुष्यात दुसऱ्यांची इतकी चित्रं चुकवली त्याने, पण समोर एक चित्र आपणहून चुकत असताना हात आवरून बसायचं, याच्याइतकं जड काम त्याला कधी कुणी सांगितलं नव्हतं.