पाहुण्यांना मान

खोटं नाही सांगत, भेटवस्तू सांभाळण्यात अख्ख्या महापालिकेत माझा हात धरणारा कुणी नाही! तसं ते काम करणाराही दुसरा कुणी नाही, पण ते सोडा.

तुम्हाला वाटत असेल, कुणी शहराला भेट दिली की ती दिमाखात मिरवते. छे! ती माझ्याकडे येते. तळघरात, पाण्याच्या पंपाशेजारी. तिथे कुठलंच कुलूप न उघडणाऱ्या चांदीच्या किल्ल्या आहेत, एका डोळ्याने दाराकडे आणि दुसऱ्याने छताकडे बघणारे माजी महापौर आहेत (तैलचित्रात हो!), आणि कुणीही हात न लावता मधूनच ठणाणा करणारी घड्याळं आहेत.

पण माझी पद्धत बघा. दाता येणार म्हटलं की त्याची भेट पुसूनबिसून वर स्वागतकक्षात. दाता गहिवरतो, "अजून इथेच ठेवलंय तुम्ही!" आम्हीही गहिवरतो. दात्याने पाठ फिरवली की भेट लिफ्टने खाली. आजवर एकालाही संशय आलेला नाही.

परवा महापौरबाईंनी मला बोलावलं. "खेळण्यांचे कारखानदार येतायत. त्यांचा जिराफ दिसला पाहिजे. सगळं नीट झालं, तर तुमचा विभाग वर, खिडकीवाल्या खोलीत. नाही झालं, तरी तुम्हाला खिडकीच मिळेल. गटार तक्रारींची!"

गटार तक्रारींच्या खिडकीत बसलेला माणूस मी पाहिलाय. तो हल्ली स्वतःशीच भांडतो.

त्या सकाळी निघताना मी बायकोला ऐटीत म्हणालो, "आज येईन तो मान घेऊनच!"

"येताना दूधपण घ्या," ती म्हणाली.

आता हा जिराफ. लाकडी, पिवळाधमक, दोन माणसांएवढा उंच. लिफ्टमध्ये तो मावत नाही. मात्र त्याची मान फिरवली की निघते, बाटलीचं झाकण निघावं तशी. म्हणून धड लिफ्टने न्यायचं, मान जिन्याने आणायची आणि वर जोडायची. साधी गोष्ट!

मानेचं काम मी पैलवानाला दिलं. पैलवान म्हणजे आमचा शिपाई, अंगाने खराट्याची काडी. माणूस गुणी, पण शब्दाचा भलताच पक्का. एकदा साहेब त्याला म्हणाले, "तो बाहेरचा माणूस फार डोकं खातोय, त्याला जरा फिरव." म्हणजे टेबलाटेबलांवर टोलव. याने त्याला बाग दाखवून आणली!

"पैलवान, ही मान जिवापाड जप," मी बजावलं. "सांगितल्याशिवाय कुणाला द्यायची नाही!"

"नाही देत साहेब," त्याने मान छातीशी धरली.

मी धड वर आणलं. बिनमानेचा जिराफ फारच विचित्र दिसत होता, म्हणून पैलवान येईपर्यंत त्यावर एक चादर टाकली आणि पाना आणायला खाली पळालो. जोड घट्ट करायला तो लागतोच. परत येऊन बघतो तर पाहुणे हजर! वेळेआधी! आणि आमच्या सचिवांनी, म्हणजे महापौरबाईंच्या उजव्या हाताने, ते चादरीखालचं उंच टेबल समजून त्यावर चहाचे कप मांडले होते.

कारखानदार म्हातारे होते. त्यांनी कप उचलला, फुंकर घातली, पुन्हा जिराफाच्या पाठीवर ठेवला आणि विचारलं, "माझा जिराफ कुठाय?"

महापौरबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"येतोय... जिन्याने," मी म्हणालो.

"चालत?"

"हळूहळू येतोय!"

"त्याची मान घडवायला मला अख्खा उन्हाळा लागला होता," म्हातारबाबा म्हणाले. त्यांचा आवाज इतका हळवा झाला की मलाच चोरट्यासारखं वाटलं. एवढ्यात पैलवान दारात उगवला. पाठीमागे हात, खांद्यावरून डोकावणारा एक लाकडी कान. मी त्याला डोळ्यांनी दटावलं, थांब!

पाहुणे अजून उभेच आहेत हे बाईंच्या लक्षात आलं. त्या सचिवांच्या कानाशी लागल्या आणि सचिव पैलवानावर खेकसले, "अरे, बघतोस काय? पाहुण्यांना मान दे आधी!"

म्हणजे खुर्ची दे. निदान सचिवांचा अर्थ तो होता.

पैलवानाने माझ्याकडे पाहिलं. "साहेब, देऊ?"

मी नको नको म्हणून जोरजोरात मान हलवली. माझी. पैलवानाला तो होकार वाटला! तो पुढे झाला, वाकला आणि त्याने जिराफाची मान डोक्यासकट पाहुण्यांच्या हातात दिली.



"हे काय?" म्हातारबाबा त्या लाकडी तोंडाकडे बघत राहिले.

"आमच्याकडे... मोठ्या माणसांना मान देतात," मी म्हणालो. का म्हणालो, देव जाणे!

"आणि बाकीचा?"

मी नुसतं कपांकडे पाहिलं. तेवढ्याने घात झाला. त्यांनी चादर ओढली, कप खळ्ळकन फुटले आणि चार पिवळे पाय चहात न्हाऊन उभे राहिले.

"मी धडधाकट जिराफ दिला होता!" म्हातारबाबा कडाडले. "तुम्ही नुसतं धड ठेवलंत!"

"जोडतो की! लगेच जोडतो! हा बघा पाना!"

"हात लावू नका! ज्यांना मान राखता येत नाही, त्यांच्याकडे मी ती ठेवत नाही!"

मान काखेत मारून ते तरातरा निघाले. ती गाडीत मावेना, म्हणून डोकं खिडकीबाहेर काढावं लागलं. गाडी वळेपर्यंत जिराफ आमच्याकडे बघत होता. मी वळलो तर महापौरबाईही माझ्याकडे तशाच बघत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "सोमवारपासून. खिडकी."

संध्याकाळी घरी पोचलो. बायकोने आधी माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"दूध विसरलात ना? आणि मान घेऊन येणार होतात, त्याचं काय झालं?"

"पाहुणे घेऊन गेले."

"अगंबाई! म्हणजे मान गेला?"

"आधी गेली," मी चपला काढत म्हणालो. "मग गेला."