पनीर टिक्का आणि तीन पाट

मधुराने रविवारच्या दुपारचं टेबल स्वतः फोन करून बुक केलं होतं. "तीन लोग हैं, मम्मी-पापा और मैं. मराठी फॅमिली है, ज़रा ठीक से ख़याल रखिएगा." फोन ठेवल्यावर तिला स्वतःचंच फार कौतुक वाटलं. गेल्या वर्षीपर्यंत हीच मुलगी हजेरीला 'येस मॅम' म्हणतानाही भिंतीकडे बघायची. यंदा वक्तृत्वात शाळेत पहिली आली! त्यासाठी आईने पोळ्या लाटता लाटता तिचं भाषण चाळीसदा ऐकलं होतं, बाबांनी उज्जैनच्या देवास गेटच्या गर्दीत स्कूटर चालवता चालवता. म्हणून दोघांना शिप्रेकाठच्या नव्या हॉटेलात पनीर टिक्का खाऊ घालायचा आणि उभं राहून रीतसर आभार मानायचे, असा बेत होता. आभाराचा कागद मुठीत होता.

हॉटेलच्या दारावरच्या रमेशभैयांनी तिघांना बघून हात जोडले. "मराठी फॅमिली? मम्मी-पापा और बिटिया? आइए, कब से राह देख रहे हैं."

"बघितलं?" मधुरा कुजबुजली. "एक फोन केला तर केवढी इज्जत."

नदीकडच्या टेबलांना वळसा घालून त्यांनी तिघांना मागच्या हॉलमध्ये नेलं. तिथे तीन पाट, भोवती रांगोळी, उदबत्ती. नऊवारीतल्या एक बाई परात-तांब्या घेऊन आल्या आणि सरळ आईचे पाय धुवायला बसल्या.

"मधू, हॉटेलात पाय धुतात?"

"आई, तू पण ना. याला थीम रेस्टॉरंट म्हणतात."

"थीममध्ये ओटी पण भरून राहिल्या आहेत माझी."

मग मधुराची पाळी. बाईंनी तिची निळं नेलपॉलिश लावलेली पायाची बोटं एकेक करून पुसली. तिला अशा गुदगुल्या झाल्या की मूठ उघडली आणि कागद परातीत पडला. पाणी हळूहळू शाईचं झालं. मधुरा डगमगली नाही. सगळं पाठ होतं.

वाढून झाल्याबरोबर ती उठली. "आई, बाबा, आज मी..."

"पानावरून उठू नये, बाळ," बाईंनी तिला खांद्याला धरून बसवलं आणि पुरणपोळी वाढली.

"आई, बाबा..."

"तूप ना? घे की." मधुराने तोंड उघडलं की बाईंना ती मागतेय असंच वाटायचं. तिसऱ्यांदा कटाची आमटी आली, चौथ्यांदा आणखी एक पोळी.

"पनीर कुठे दिसत नाहीये," बाबा हळूच म्हणाले, "पण पोळी काय आहे! अशी आपल्या घरी..." आईने मान वळवली. बाबांनी पुढचं वाक्य आमटीबरोबर गिळलं.

जेवण झालं. बाई आणि त्यांचे यजमान येऊन पाया पडायला वाकले तसे बाबा ताडकन उठले. "अहो काकू, तुम्ही मोठ्या. हे काय?"

"यांचं ऑपरेशन झालं तेव्हा नवस बोलले होते, उज्जैनला येऊन सवाष्ण-ब्राह्मण आणि कुमारिका जेवू घालीन. खंडव्याहून आलो. घाटावरचे गुरुजी म्हणाले, तिघांना पाठवतो."

"कोणते गुरुजी?" बाबांनी विचारलं.

मग सगळे बाहेर धावले.

खिडकीपाशी, मधुराच्या टेबलावर, गुरुजींनी पाठवलेलं जोडपं संकोचून बसलं होतं. नवसाच्या जेवणाआधी कांदा-लसणाला शिवायचं तरी कसं म्हणून त्यांनी टिक्क्याला हात लावला नव्हता. त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीला मात्र असा कुठलाच प्रश्न पडला नव्हता. रमेशभैयांनी कपाळावर हात मारला. "तीन ये भी, तीन वो भी, दोनों मराठी. मैं क्या करूँ?"

मधुरा कानापर्यंत लाल झाली. "सॉरी, काकू. तुमचं सगळं आम्हीच खाल्लं."

"अगं, मी एक कुमारिका बोलले होते, देवाने दोन पाठवल्या," बाई हसत म्हणाल्या. "आणि पोळ्या अजून वीस आहेत." त्या मुलीला घेऊन जायला मात्र तिघांना ओढावं लागलं. टिक्क्याचा शेवटचा तुकडा तिने मुठीत नेला.

टेबल रिकामं झालं. समोर शिप्रा होती. मधुरा उभी राहिली, तोंड उघडलं, आणि शब्दच येईना. पोट पोळ्यांनी गच्च. गेल्या वर्षीचीच मुलगी पुन्हा भिंत शोधू लागली.

"बैस," आई म्हणाली. "'आदरणीय आई आणि बाबा, माझा आवाज मला सापडला तो तुमच्या कानांमुळे...'"

"तुला कसं माहीत?"

"चार दिवस बाथरूममध्ये तालीम चालली होती. आपल्या माधव नगरात सगळ्यांना पाठ झालं असेल."

"'चाळीसदा ऐकूनही तुम्ही एकदाही पुरे म्हणाला नाहीत,'" बाबांनी पुढची ओळ घेतली. त्यांचा आवाज जरा घोगरा झाला होता.

"फक्त शेवटचं 'धन्यवाद' सावकाश म्हण," आई म्हणाली. "तिथे तू नेहमी घाई करतेस."

मधुराने डोळे पुसले आणि सावकाश म्हटलं.

"आता बरोबर," आई म्हणाली. "परत एकदा."