साठ बोरं, सामान धरून

एका जंगलात, मुलांनो, वीज आली होती. ती कुठून येते हे कोणालाच माहीत नव्हतं. कधी जाते, ते मात्र सगळ्यांना पाठ होतं.

त्या जंगलात अण्णा घोरपडे राहायचे. आडनावाप्रमाणे घोरपडच. एकदा भिंतीला चिकटले की सुटायचे नाहीत, आणि भाजीवाल्याला चिकटले तर मुळीच नाही. त्यांच्या बायकोचं नाव द्वारकाबाई. या द्वारकाबाईंनी ऐन थंडीत अकरा अंडी घातली होती.

आता घोरपडीचं अंग पडलं गार. ती अंड्यांवर बसली तर अंडी आणखी गारठायची. म्हणून बिळात एक पिवळा बल्ब लावला होता. त्याच्या उबेत अकराही जण मजेत पडून होते.

एका सकाळी होल्डरमधून 'चर्र' असा आवाज आला आणि बल्ब गेला. दुसरा लावून पाहिला, तोही पेटेना.

द्वारकाबाईंनी अंडी उचलून बाहेरच्या खडकावर उन्हात मांडली. "अहो, ऊन आहे तोवर ठीक आहे. ऊन उतरायच्या आत दिवा लागला नाही, तर या अकरातलं एकही हाती लागायचं नाही."

अण्णांनी लगेच मार्तंड साळिंदराला बोलावलं. मार्तंड जंगलातला इलेक्ट्रिशियन. त्याच्या पाठीवर कोणता काटा आणि कोणता स्क्रू-ड्रायव्हर, हे फक्त त्यालाच कळायचं. त्याने वर बघितलं, खाली बघितलं, वायर हुंगली.

"होल्डर जळलाय. मागची वायरपण करपलीय. आणखी काही आहे का?"

"आहे ना, किरकोळ. बेल वाजत नाही. आणि पंखा एकावर ठेवला तरी पाचावर फिरतो."

मार्तंडने बेल दाबून पाहिली, पंखा फिरवून पाहिला.

"साठ बोरं होतील. सामान धरून."

"साठ?" अण्णांची शेपटी ताठ झाली. "अरे, दोन मिनिटांचं काम!"

मुलांनो, हे वाक्य वहीत उतरवून घ्या. मोठेपणी तुम्हाला ते वारंवार लागणार आहे. दुसऱ्याचं काम नेहमी दोन मिनिटांचं असतं.

"बस तू इथेच," अण्णा म्हणाले. "मी जरा चौकशी करून येतो."

अण्णा निघाले ते थेट टेकडीपलीकडे, सांबरेमास्तरांकडे. मास्तर म्हणजे सांबर. शिंगं मोठी, आवाज त्याहून मोठा.

"साठ?" मास्तर गरजले. "गेल्या महिन्यात हाच मार्तंड माझ्याकडे येऊन गेला. तीस दिले. तीस! आणि तेसुद्धा माझा स्वभाव दयाळू म्हणून."

अण्णा धावत परत आले. इकडे उन्हाचा तुकडा खडकावरून सरकला होता. द्वारकाबाई एकेक अंडं उचलून त्याच्या मागे सरकवत होत्या. समोर त्यांचे शेजारी नकुलराव मुंगूस बसले होते. सकाळपासून ते तिथेच होते. अंड्यांची त्यांना फार काळजी.

"नकुलराव, मार्तंड साठ म्हणतोय. मास्तरांनी तीस दिले."

"तीस?" नकुलरावांनी ओठांवरून जीभ फिरवली. "मास्तर भोळे हो. माझं सगळं वीसमध्ये झालं. तुम्ही दहाच्या वर एक बोर देऊ नका. आणि घाई तर अजिबात करू नका, अण्णा. गरज दिसली की हे लोक चढतात. आज जाऊ दे त्याला. उद्या बघा, आपण होऊन येईल. वहिनी, तुम्ही दमला असाल. जा, जरा पडा. अंड्यांवर मी लक्ष ठेवतो."

"भावजी," द्वारकाबाई म्हणाल्या, "तुम्ही लक्ष ठेवताय म्हणून तर मला पाणी प्यायलासुद्धा उठता येत नाहीये."

अण्णांना मात्र गहिवरून आलं. असा शेजारी मिळायला भाग्य लागतं, असं म्हणत ते मार्तंडकडे गेले.

"वीस देईन."

"बरं," मार्तंड म्हणाला.

अण्णा गडबडले. त्यांची अपेक्षा होती की मार्तंड छाती पिटेल, मुलाबाळांची शपथ घेईल, निदान दोनदा उठून जाईल. हा तर सरळ 'बरं' म्हणाला! म्हणजे काम वीसचंही नसणार. फसलोच की आपण!

"वीस नाही, दहा," अण्णा घाईघाईने म्हणाले.

"वीस ही नुसती मजुरी झाली, अण्णा. होल्डर, वायर, बेल, रेग्युलेटर तुम्ही आणायचं; माझ्या पिशवीतलं हवं तर साठच. दुकान नदीपलीकडे आहे. जाऊन येईपर्यंत अंधार पडेल."

"पण नकुलरावांचं सगळं वीसमध्ये झालं!"

मार्तंड इतका हसला की त्याचे काटे खडखड वाजले. "नकुलरावांच्या घरी वीज कुठाय?"

अण्णांनी गळा फुगवला. "मास्तरांकडे तर आहे ना? त्यांनी तीस दिले."

"मास्तरांच्या घरभर वायर ओढली, पंखा टांगून दिला. पंखा त्यांचा, वायर त्यांची. मजुरी चाळीस घेतली."

"मग ते तीस का म्हणाले?"

"जास्त दिले असं तोंडाने कोण सांगेल, अण्णा?"

एवढ्यात द्वारकाबाईंची हाक आली. ऊन आता सुपाएवढंच उरलं होतं. सात अंडी त्यात, चार सावलीत. नकुलराव चार पावलं पुढे सरकून बसले होते.

"मार्तंडभाऊ, सगळं नवं घालणार ना? जुनं काढलेलं मला दाखवाल?"

"दाखवीन, वहिनी."

"आणि परत बिघडलं तर?"

"दोन महिन्यांत बिघडलं तर फुकट येईन."

"झालं तर मग! हे दोन प्रश्न सकाळी विचारले असते, तर आतापर्यंत दिवा लागला असता. साठ बोरं आणि आल्याचा चहा. चढा वर. आणि अहो, तुम्ही तिथे गळा फुगवून उभे राहू नका. दिवा लागेपर्यंत अंडी आळीपाळीने उन्हात धरा!"

दोन मिनिटांच्या त्या कामाला सव्वा तास लागला. ऊन खडकावरून उतरलं, आणि त्याच क्षणी बिळात पिवळा उजेड पडला. अकराही अंडी बल्बखाली गेली. बेल वाजली. पंखा एकावर एकासारखाच फिरला.

काही दिवसांनी अकराच्या अकरा पिल्लं बाहेर आली आणि बेल दाबायला शिकली. बारशाला सगळं जंगल लोटलं. नकुलराव पाळण्यात डोकावून उसासा टाकून म्हणाले, "एवढा खर्च करायला नको होता, अण्णा."

सांबरेमास्तरांनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "बरं, शेवटी कितीला पडलं?"

अण्णांनी आधी द्वारकाबाई कुठे आहेत ते पाहिलं. त्या लांब होत्या.

"पंचवीस," अण्णा म्हणाले. "सामान धरून!"

मास्तरांच्या घशात पेढा अडकला.

दुसऱ्या दिवसापासून जंगलात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच वाक्य होतं: "अण्णांकडे पंचवीस घेतलेस, मग आमच्याकडेच साठ का?" आठवडाभर मार्तंडने हे ऐकून घेतलं. मग तो नव्वद सांगायला लागला.

तात्पर्य: रास्त भाव प्रत्येकाने एकदा तरी दिलेला असतो, पण तो कबूल कोणीच करत नाही. तेव्हा मुलांनो, नेहमी खरं बोलावं. फक्त इलेक्ट्रिशियनला किती दिले असं कोणी विचारलं, तर आकडा आधी निम्मा करावा आणि मग खरं बोलावं.