येवला, मार्गे उपनगर

आमच्या सिटीबसमध्ये पुढच्या थांब्याचं नाव सांगणारी जी बाई आहे, तिच्याविरुद्ध कोणी शब्द काढलेला नानांना खपायचं नाही. बाई म्हणजे रेकॉर्ड केलेला आवाज. बस द्वारकेच्या सिग्नलला अडकलेली असायची आणि बाई गोड गळ्याने सांगायची, "पुढील थांबा, बिटको." बिटको तर उपनगरच्याही पुढे. कोणी हसायचं, कोणी कपाळावर हात मारून घ्यायचं. नाना मात्र खिडकीबाहेर बघत शांतपणे म्हणायचे, "बाई चुकत नाही. आपण घाई करतो."

नाना आमच्या समोरच्या दारात राहतात. मूळचे सायखेड्याचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. मी शालिमारजवळच्या एका शाळेच्या ऑफिसात नोकरीला आहे. संध्याकाळी उपनगरला परतताना बसमध्ये ते हमखास भेटतात. खिडकीशी शकुंतलाकाकू आणि त्यांच्या शेजारी, पायाशी पिशवी ठेवून, नाना.

बसमधल्या पाट्यांवर नानांची फार श्रद्धा. एकदा एका बसच्या कपाळावर 'सातपूर' आणि पाठीवर 'नाशिकरोड' लागलं होतं. थांब्यावर नुसता गोंधळ. नाना म्हणाले, "कुठं चालली ते पुढं लिहिलंय, कुठून आली ते मागं लिहिलंय. अजून काय सांगायचं तिनं?" बस सातपूरला जात नव्हती आणि नाशिकरोडहून आलीही नव्हती, पण एवढं पटवून सांगितल्यावर विचारायची कोणाची हिंमत झाली नाही.

आमच्या थांब्याच्या खांबावर मध्यंतरी कोणीतरी कागद चिकटवला होता, 'येथे बस थांबणार नाही.' माणसं बिचारी पुढे कोपऱ्यावर जाऊन उभी राहिली. नाना बरोबर त्या कागदाखाली. मी हाक मारली तर म्हणतात, "सूचना बसला आहे गं वैशाली. मला थांबू नको असं कुठं लिहिलंय?" बस आली, कोपरा सोडून थेट नानांपुढे थांबली, आणि आम्ही सगळे धावत मागे आलो.

'चालत्या बसमध्ये चालकाशी बोलू नये' ही पाटी तर ते अक्षरशः पाळतात. म्हणजे बोलतात, पण बस उभी असताना. सिग्नलला गोष्ट सुरू करायची, हिरवा दिवा लागला की ओठ मिटायचे, पुढच्या थांब्यावर तिथूनच पुढे. चालकाला शेवट ऐकायची इतकी उत्सुकता की तो रिकाम्या थांब्यावरही बस उभी करतो.

आता तुम्हाला वाटेल, माणूस मुळातच भोळा. छे! नाना म्हणजे चुका काढण्यात पटाईत. कॉलनीतल्या लग्नपत्रिका छापण्याआधी त्यांच्याकडे जायच्या, कारण छापल्यावर गेल्या तर परत छापाव्या लागायच्या. सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींना त्यांनी भर पूजेत थांबवून तिथी सुधारायला लावली होती. असा माणूस एकाएकी चुकीच्या घोषणांचा भक्त कसा झाला, याचं आम्हा सगळ्यांना कोडं होतं. उत्तर रोज त्यांच्या शेजारीच बसलेलं असायचं, पण माझं मेलीचं लक्ष जाईल तर ना!

काकू विसरायला लागल्या होत्या. आधी गॅस, मग गल्ली, मग माणसं. एक गोष्ट मात्र दुपारची झोप झाली की रोज आठवायची: माहेरी जायचंय. माहेर येवल्याचं, पैठणी विणणारं घर. काकू चांगली साडी नेसायच्या, पिशवी भरायच्या आणि दारात येऊन उभ्या राहायच्या. "चला ना हो. आई वाट बघत असंल." सुरुवातीला नाना त्यांच्या जुन्या स्वभावाप्रमाणे चूक सुधारायला जायचे. आई जाऊन किती वर्षं झाली, घर कसं विकलं, माग कसे मोडले, सगळं नीट सांगायचे. आणि काकू रोज नव्याने आईसाठी रडायच्या. समोरच्या दारातून आम्हाला ऐकू यायचं.

एकदा त्यांना घेऊन नाना खरंच येवल्याला गेले. नानांनीच मला सांगितलं. "त्या घरासमोर नेऊन उभी केली. तिनं बघितलं आणि मला म्हणते, इथं कशाला आणलंत? येवल्याला चला." मग म्हणाले, "खऱ्या येवल्यात तिचं येवलं नव्हतं गं."

मग ही सिटीबस सापडली. निमाणीच्या स्टँडपर्यंत जायचं आणि परत यायचं. बाहेर ऊन कलतं, वारा लागतो, बाई मनाला येईल ती गावं पुकारते. काकू विचारायच्या, "लांब आहे का अजून?" नाना म्हणायचे, "बाई सांगेल." मलाही त्या बसमध्ये गुंगी यायची. पुढच्या लाल दिव्यांच्या पाटीवर सदान् कदा 'सुप्रभात' असायचं, एकाच फेरीत गोदावरी दोनदा ओलांडल्यासारखं वाटायचं, आणि आपण नेमके कुठे आहोत याची फारशी काळजी राहायची नाही. काकू डुलकी घ्यायच्या. उपनगरला जाग आली की पिशवी उचलून म्हणायच्या, "बरे होते नाही सगळे?" नाना म्हणायचे, "मजेत." तेवढ्यावर रात्र सुखाची जायची.

आणि एक दिवस बाई सुधारली. बसमध्ये कसलीशी नवी यंत्रणा बसवली म्हणे. द्वारका आली की द्वारका, गांधीनगर आलं की गांधीनगर. सगळी बस खूश. उपनगर नाका पुकारला गेला आणि काकू ताडकन सावध झाल्या. "हे तर आपलंच उपनगर! मला फसवलंत तुम्ही." उतरून घरी येईपर्यंत त्या रडत होत्या. पुढचे कितीतरी दिवस तेच. नाना आगारात जाऊन साहेबांना भेटले. साहेब चांगला माणूस, चहाही पाजला. "आजोबा, चूक दुरुस्त करा म्हणून रोज माणसं येतात," तो म्हणाला, "दुरुस्त केलेली परत बिघडवा म्हणून आलेले तुम्ही पहिलेच." नाना हात जोडून परत आले.

त्यानंतरच्या एका संध्याकाळी मी त्यांच्या मागच्या सीटवर होते. गांधीनगर मागे पडलं तशी नानांनी पायाशी ठेवलेली पिशवी मांडीवर घट्ट धरली. बाई म्हणाली, "पुढील थांबा, उपनगर नाका." काकू उभ्याच राहिल्या. "येवलं कुठंय? अहो, सांगा ना, येवलं कुठंय?" सगळी बस बघत होती. मला रडू आवरेना.

कंडक्टर निफाडकडची, ठसठशीत आवाजाची बाई होती. ती गर्दीतून वाट काढत आली आणि घंटीची दोरी ओढून ओरडली, "चला, येवला! येवलावाले उतरून घ्या!" मग काकूंच्या दंडाला धरून हळूच म्हणाली, "ती मशीन हाय आजी, तिला काय ठावं? मी रोज येते ना इथं. येवलंच हाय हे. लय लांबून आल्या, सावकाश उतरा." दारातला एक शेतकरी बाजूला सरला आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "व्हय, येवलंच हाय." एकही माणूस हसला नाही.

काकू हसत उतरल्या. रस्ताभर घरं न्याहाळत चालल्या, सगळं ओळखीचं असल्यासारख्या. नानांनी कुलूप काढलं, दार उघडलं, पण काकू उंबऱ्याबाहेरच थांबल्या. "चल ना आत," नाना म्हणाले. काकू हलेनात. नाना घाबरले, त्यांना वाटलं, परत बिनसलं. मला मात्र एकदम कळलं. लांबून आलेली माहेरवाशीण भाकरतुकडा ओवाळल्याशिवाय घरात पाऊल कसं टाकेल? मी पळत आमच्या स्वयंपाकघरात गेले. भाकरी नव्हती, सकाळची पोळी होती. तिचा तुकडा आणि तांब्याभर पाणी घेऊन आले, त्यांच्यावरून ओवाळलं, तुकडा बाजूला टाकला, पायांवर पाणी घातलं, त्यांच्या डोळ्यांना लावलं. "आलात का वन्सं," मी म्हणाले. कुठून सुचलं कोण जाणे.

"आले गं वहिनी," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

दोन पावलं जाऊन त्या वळल्या. नाना पिशवी घेऊन दारातच उभे होते. काकूंनी पदर सारखा केला आणि परक्या माणसाशी बोलावं तशा अदबीनं म्हणाल्या, "पाहुणे, बाहेर का उभे? एवढ्या लांब सोडायला आलात, चहा घेतल्याबिगर जायचं नाही."

नानांनी माझ्याकडे पाहिलं नाही. चपला काढल्या, उंबऱ्याबाहेर नीट जोडीनं लावल्या, आणि आत जाऊन खुर्चीच्या अगदी कडेला बसले. म्हणाले, "घेतो की. साखर थोडी कमी घाला."