गच्चीवरचं पोटॅशियम

हवेतली धूळ माझ्याशी खोटं बोलूच शकत नाही! प्रयोगशाळेत मी हे इतक्यांदा ऐकवलंय, की यंत्रांनाही पाठ झालं असेल. फिल्टरवर बसलेली बारीक धूळ पाण्यात उतरवायची, त्यातले क्षार मोजायचे. कोणी काय जाळलं ते बरोबर कळतं; लाकूड-पाला जळला, की पोटॅशियम वाढतं.

म्हणून हवा ओढून घेणारं एक यंत्र मी आमच्याच गच्चीवर बसवलं. पहिल्याच फिल्टरवर पोटॅशियम असं उसळलं, की जणू अख्खं जंगल आमच्या कठड्याला टेकून पेटलं होतं!

"लाकडाचा धूर!" मी साहेबांना म्हणाले. "समोरची बेकरी!"

साहेबांनी लगेच भट्टी बंद करायची नोटीस धाडली. बेकरीवाला तसाच धावत आला. पीठ भुवयांपर्यंत, आवाज छतापर्यंत.

"ताई, माझी भट्टी विजेवर चालते! लाकडाचं म्हणाल, तर दुकानात एक स्टूल आहे. ते जाळू?"

"पोटॅशियम आलंय," मी म्हणाले. पण आवाज चहात पडलेल्या बिस्किटासारखा विरघळला.

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचा सहकारी उठला. त्याच फिल्टरचा उरलेला तुकडा त्याने सेंद्रिय पदार्थ ओळखणाऱ्या यंत्रात घातला होता. ही तपासणी खरं तर मीच आधी करायची होती.

"मॅडम, यात निकोटिन आहे. भरपूर! यांचे पाव तंबाखू ओढतात का?"

मी थेट घर गाठलं. गच्चीत आई यंत्राशेजारी खुर्ची टाकून बसली होती. हातात बाबांचा पाइप, पेटलेला!

"आई! तू ओढतेस?"

"छे गं! मी नुसता पेटवते. ओढतं ते तुझं यंत्र." मग हळूच म्हणाली, "घरातला त्यांचा वास जायला लागला होता. आणि हे घुरघुरतंही अगदी त्यांच्यासारखं."

मी तिथूनच साहेबांना फोन लावला. "नोटीस मागे घ्या. धूर आमच्या घरचा आहे, तंबाखूचा."

"कोण ओढतं?"

"बाबांचा पाइप आहे."

"अहो, पण ते तर..."

"हो."

साहेब खाकरले. "बरं. बेकरीवाल्याची माफी मी मागतो. तुम्ही ते यंत्र तेवढं उद्या हलवा."

मी वळून पाहिलं. वारं सुटलं होतं, आणि आईने स्वतःची शाल काढून यंत्राच्या खांद्यांवर घातली होती.

आता तुम्हीच सांगा, हलवू कोणत्या तोंडाने?