कुंदाताई आणि त्यांची ठकी

कुंदाताई घोरपडे टोमॅटोचा भाव पिस्तुलाच्या गोळ्यांत सांगतात.

"अर्ध्या किलोला एवढं? अगं, ह्यात माझ्या सात-आठ गोळ्या आल्या असत्या की!"

हे सुपरमार्केटच्या रांगेत, मराठीत, खणखणीत आवाजात. मागच्या डच माणसाला मराठी येत नाही, हे त्याचं नशीब. केस कापायचे तरी गोळ्या, मुलीचा रेल्वेचा पास काढायचा तरी गोळ्या. एकदा मंडळाच्या गणपतीची वर्गणी मागायला आलेल्या बाईंना त्या म्हणाल्या, "म्हणजे दोन डब्या गेल्याच की हो माझ्या!" डब्या कसल्या, हे विचारायला त्या बाई थांबल्या नाहीत. विचारलं असतं तर वर्गणी न घेताच पळाल्या असत्या.

ऐकणाऱ्याला वाटेल, बाई कुठल्यातरी टोळीत आहेत. तसलं काही नाही. अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडओस्ट भागात त्या माझ्या खालच्या मजल्यावर राहतात. माहेर कोल्हापूर. नवरा आयटीत, मुलगी ग्रोनिंगनला शिकायला. आणि तिजोरीत एक पिस्तूल.

पिस्तूल म्हणजे केवढं? बाईंच्या तळहातात मावेल एवढं. मोठं पिस्तूल त्यांच्या हातात बसेना, म्हणून त्यांनी हे आखूडसं घेतलं. नाव ठेवलंय ठकी. लहानपणी आपण लाकडाच्या बाहुलीला म्हणायचो ना, तीच ठकी. "मूर्ती लहान पण कीर्ती महान," असं त्या म्हणतात आणि नळी पुसायला घेतात.

कॉलेजात एनसीसीत असताना त्या रायफल चालवायच्या. लग्न झालं, रायफल गेली, लाटणं आलं. मग नवऱ्यामागे इथे आल्या. इथे आल्यावर मंडळातल्या बायका कोणी योगाच्या क्लासला गेल्या, कोणी केक करायला लागल्या. कुंदाताई मेट्रोच्या रुळांपलीकडच्या नेमबाजीच्या क्लबात जाऊन आल्या आणि मला जिन्यात म्हणाल्या, "मेधा, मी नाव घालून आलो."

कोल्हापूरच्या बायका स्वतःबद्दल 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. मी पुण्याची. पहिले सहा महिने मी त्यांना सुधारत होते. मग त्यांच्या तिजोरीत काय आहे ते कळलं आणि मी भाषाशुद्धीचं कार्य थांबवलं.

आता तुम्ही म्हणाल, स्वसंरक्षणाला बरं. कुठलं हो स्वसंरक्षण! या देशात पिस्तूल फक्त खेळायला मिळतं. आधी वर्षभर क्लबात जा, मग पोलीस तुमची कुंडली बघणार, मग परवाना. पिस्तूल एका तिजोरीत, गोळ्या दुसऱ्या कुलपात. चोर आलाच तर त्याला म्हणावं लागेल, बसा जरा, चहा टाकते, तेवढ्यात मी किल्ल्या शोधते. शिवाय क्लबातून निघालं की थेट घरी. पिस्तूल बरोबर असताना वाटेत कुठे थांबायचं नाही, असा कायदा. कोथिंबीरसुद्धा घेता येत नाही. मी म्हटलं, "ताई, हे पिस्तूल आहे की सासू?" त्या नुसत्या हसल्या.

आणि एवढा सगळा उपद्व्याप करून बाई क्लबात जाऊन मारतात किती? चार-पाच गोळ्या. संध्याकाळभर! लोक डबीच्या डबी उडवतात म्हणे. ही बाई एक गोळी घालणार, नेम धरणार, हात खाली घेणार, पुन्हा नेम धरणार. मी त्यांना तोंडावर चिकू म्हटलंय. त्या म्हणाल्या, "भाव बघितलास काय तू?"

भाव खरंच वाढले होते. करोना आला तसं सगळंच महाग झालं, पण गोळ्यांनी कहर केला. दुकानदार दर वेळी मास्कच्या आडून नवा आकडा सांगे. कुंदाताईंच्या मते दोष अमेरिकेचा. "त्या लोकांनी आधी संडासचा कागद भरला घरात. मग गोळ्या भरल्या. आता एकाने दुसऱ्यावर काय झाडायचं ते झाडा म्हणावं, पण आमचा भाव का वाढवताय?" जागतिक अर्थकारण मला याहून सोपं करून कोणी सांगितलेलं नाही.

मग क्लबच बंद झाला. म्हणजे गोळ्या महाग आणि मारायला जागा नाही. आमच्या घरांची तर कार्यालयं झाली होती. घोरपडे भावोजी सकाळी कानाला हेडफोन लावून बसत ते जेवायच्या ताटावरही लावूनच. माणूस सज्जन, व्यसन नाही, आवाज नाही. बेंगळुरूशी बोलत, लंडनशी बोलत, अमेरिका उठली की अमेरिकेशी बोलत. बायको समोर आली की हाताने खूण करत: थांब, चालू आहे. ते कायम चालूच असे. मुलगी फोनवर बोले, पण कुंदाताईंनी मराठीत विचारावं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यावं, तेही तुटक. मला यातलं सगळं दिसत होतं. पण दिसतं त्याचा अर्थ लगेच लागतो असं कुठे आहे? मी त्यांच्या चिकटपणावर विनोद करण्यात गुंग होते.

तर अशात खंडेनवमी आली.

एरवी मंडळाचा दसरा असतो. हॉल, बटाटेवडे, कोणाच्या तरी मुलाचं पेटी वाजवणं. त्या वर्षी सगळं बंद. मी आपलं घरात लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं. आम्हा आयटीवाल्यांचं शस्त्र तेच. कुंकू थोडं कळफलकात गेलं आणि दुपारपासून एक बटण अडकायला लागलं, पण श्रद्धेचा प्रश्न होता.

कुंदाताईंकडे मात्र खरं शस्त्र. त्यांनी दिवाणखान्यात पाट मांडला, लाल कापड घातलं, त्यावर ठकी. रिकामी हो, गोळ्या कुलपातच. ठकीला हळदकुंकू, सुपरमार्केटातली शेवंती, पुढे गुळाचा खडा. आणि तुपाची निरांजनं ओवाळत, भरल्या आवाजात आरती.

आता इथली एक रीत सांगायला हवी. डच माणूस संध्याकाळी खिडकीला पडदा ओढत नाही. आमच्यात लपवण्यासारखं काही नाही, असं त्यातून सांगायचं असतं म्हणे. कुंदाताई सायकल शिकल्या नाहीत, पण ही रीत त्यांनी पहिल्याच महिन्यात उचलली, कारण पडद्यांचे पैसे वाचतात. किती गोळ्या वाचल्या, तेही मला सांगितलं होतं.

समोरच्या इमारतीतल्या कोणीतरी काय पाहिलं असेल, डोळ्यांसमोर आणा. नऊवारी नेसलेली बाई. पाटावर पिस्तूल. पिस्तुलावर लाल भडक डाग. आणि बाई त्याच्यापुढे आग फिरवतेय, गातेय.

माझा फोन वाजला. "मेधा, खाली ये गं. पोलीस आल्यात. त्यांना प्रसाद द्यावा काय, ते जरा विचारून सांग."

मी धावले. दारात एक उंच पोलीस आणि एक तरुण पोलीस बाई, दोघं मास्क लावून, नियमाप्रमाणे दीड मीटर लांब. भावोजी आतल्या खोलीत. त्यांचं चालू होतं.

"हा लाल डाग कसला?" उंच पोलिसाने विचारलं.

"कुंकू आहे. पूड. आज आम्ही आमच्या हत्यारांचे आभार मानतो," मी म्हटलं.

"पिस्तुलाचे आभार?"

"मी सकाळी लॅपटॉपचे मानले."

"उपयोग होतो?"

"नाही," मी म्हटलं. "एक बटण अडकलंय."

पोलीस बाई मास्कच्या आत हसली असावी. पण कायदा हसत नाही. परवाना बघितला, तिजोरी बघितली, गोळ्यांच्या डब्या बघितल्या, सगळं नियमात होतं. तरीही पिस्तूल खिडकीसमोर मांडणं बरोबर नाही, वरिष्ठ ठरवतील, तोवर ते आमच्याकडे, म्हणाले. आणि शेवंतीच्या पाकळ्यांसकट ठकीला प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेऊन गेले. परवाना राहील की जाईल, सांगता येत नव्हतं.

कुंदाताईंनी पाट उचलला. गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "घे, नैवेद्य हाय."

तो सगळा हिवाळा विचित्र गेला. रात्रीची संचारबंदी आली, साडेचारलाच अंधार पडायचा. कुंदाताईंनी पडदे आणले. जाड, महागातले. मी मुद्दाम म्हटलं, "ताई, किती गोळ्यांचे?" त्या म्हणाल्या, "काय माहिती." झालं! ज्या बाईने माझ्या नव्या सोफ्याचा भाव उंबऱ्यातच गोळ्यांत काढला होता, तिला पडद्यांचा भाव काढावासा वाटत नव्हता.

शेवटी परवान्याच्या चौकशीसाठी व्हिडिओ कॉल आला. दुभाषी म्हणून मी शेजारी, तोंडाला मास्क, खिडकी उघडी, दोघी कुडकुडत. स्क्रीनवरचे साहेब सभ्य होते. त्यांनी विचारलं, "मिसेस घोरपडे, तुम्हाला घरात किंवा बाहेर असुरक्षित वाटतं का? पिस्तूल कशासाठी हवंय?"

मी मराठीत सांगितलं. कुंदाताई माझ्याकडे न बघता त्या साहेबांकडेच बघत बोलल्या.

"सांग त्यांना. ह्या देशात मी आलो ते ह्यांच्या व्हिसावर. घर ह्यांच्या नावावर. बँकेत माझं नाव दुसरं. डॉक्टरकडं गेलो की विचारतात, नवऱ्याची जन्मतारीख काय. माझ्या एकटीच्या नावावर एकच कागद हाय. तेवढा नका काढून घेऊ म्हणावं."

हे मी डचमध्ये सांगितलं. एरवी मी स्वतःचे चार शब्द घातल्याशिवाय राहत नाही हो, पण त्या दिवशी एकही घातला नाही. साहेबांनी थोडा वेळ काही लिहिलं आणि विचारलं, "पडदे आणलेत का?"

"आणलेत," मी म्हटलं.

परवाना राहिला, आणि ठकी परत आली ती क्लब उघडला त्याच सुमारास. कुंदाताईंनी मला बरोबर नेलं. पाहुण्याला तिथे शेजारी उभं राहून एखादी गोळी मारू देतात.

आणि तिथे मी बघतच राहिले. या बाईला डच येत नाही, असं मी ठाम समजत होते. तिथे शिरल्या शिरल्या, "ये कुंदा!" असं चहूकडून. मिसेस घोरपडे कोणी म्हणेना. आणि कुंदाताई डच बोलत होत्या! मोडकं, कोल्हापुरी हेलात, पण न थांबता. एका आजोबांच्या गुडघ्याची चौकशी केली. एका बाईच्या मुलाचं लग्न करोनाने पुढे ढकललेलं, त्यावर मोठमोठ्याने हळहळल्या. कानावर आवाज अडवायचे कप होते ते खाली ओढून कोणालातरी तांबडा रस्सा कसा करतात ते सांगितलं. मग एक गोळी मारली. मग पुन्हा गप्पा. मग दुसरी. क्लबाचा पहिल्यापासून एक नियम होता: आपल्या गोळ्या संपल्या की जागा सोडायची.

मी घड्याळ बघितलं. "ताई, आटपा की. एवढ्या डब्या साठवल्यात, मारा चार धडाधड. भाव काही आज लगेच वाढत नाही."

त्यांनी ठकी समोरच्या फळीवर ठेवली, नळी निशाणाकडे, नियमाप्रमाणे. आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "अगं, गोळ्या संपल्या की घरी जायला लागतं."

थेट घरी. वाटेत कुठे थांबायचं नाही. कायदाच आहे. आणि घरी जायचं तर कोणाकडे? हाताने थांब म्हणणाऱ्या माणसाकडे. भाव वाढायच्या कितीतरी आधीपासून ही बाई संध्याकाळभर पाच गोळ्याच मारत होती, आणि मी मूर्ख तिला चिकू म्हणत होते. मी घड्याळ बाहीत सारलं.

शेवटची एक गोळी उरली. बाहेर पुढचे लोक उभे होते. कुंदाताईंनी ती गोळी बोटांत धरून बघितली, भरली, आणि ठकी माझ्यासमोर सरकवली. माझा हात धरून कुठे बोट ठेवायचं, कुठे नाही, ते दाखवलं.

"तू मार," त्या म्हणाल्या. "पण घाई करू नकोस."

मी पुण्याची बाई. दुकानात दोन मिनिटं लागली तरी दुकानदाराला सुनावते. पण त्या दिवशी मी आधी पाय नीट केले. मग मास्क वर केला. चष्म्यावर वाफ धरली, ती जायची वाट बघितली. नेम धरला, हात खाली घेतला, पुन्हा धरला. मागे त्या आजोबांशी कुंदाताईंचं गुडघ्यावरून पुन्हा सुरू झालं होतं, आणि त्या हसत होत्या.

जरा वेळाने त्यांनी वळून विचारलं, "मेधा, झालं काय गं?"

"नाही हो ताई," मी म्हटलं. "अजून नेमच लागत नाहीये. तुम्ही बोला."