खिशातला फ्यूज

जालिंदररावांनी घराचा फ्यूज काढून खिशात घातला तो फक्त एका महिन्यासाठी. एरवी ते भिंतीतला खिळासुद्धा जागचा हलवणारे गृहस्थ नव्हेत. संगमनेरात दूध संघाच्या कचेरीत ते आवक-जावक लिहीत, सायकलवरून जात-येत, आणि हप्त्यांनी घेतलेला मोठा रेडिओ रोज संध्याकाळी सात वाजता लावून, स्टुलावर पाय ठेवून, डोळे मिटून ऐकत. जन्मात म्हणावी अशी त्यांची ही एकच चैन. रेडिओला झालरीचा पडदासुद्धा होता. तो त्यांनी समोरच्या सोपान शिंप्याकडून शिवून आणला होता, कारण केशरबाईंनी शिवायला साफ नकार दिला होता. केशरबाईंचं आणि रेडिओचं पहिल्या दिवसापासून जमत नव्हतं.

त्या महिन्यात विजेचं बिल अठरा रुपये आलं.

"ह्या डबड्यानं खाल्लं," केशरबाई रेडिओकडं बोट करून म्हणाल्या.

"रेडिओ काय खातो? विजेची शेगडी खाते. इस्त्री खाते."

"शेगडी कुनी आनली?"

(शेगडी जालिंदररावांनी आणली होती. इस्त्रीही त्यांनीच आणली होती. पण हा मुद्दा त्यांना त्या वेळी गैरलागू वाटला.)

नेमका त्या दिवशी केशरबाईंचा धाकटा भाऊ बन्सी पाथर्डीकडून आलेला होता. तो चहा बशीत ओतता ओतता म्हणाला, "ताई, तुला नगं आसंल तर मी नेतो."

"तुमच्या गावात वीज आहे का रे?" जालिंदररावांनी विचारलं.

"येनार हाय, दाजी. खांब आलेत."

"खांबावर रेडिओ वाजतो का?"

"तवर ठिवू की कोनाड्यात. दिसाय लई देखना हाय."

आपला रेडिओ एखाद्या कोनाड्यात मुक्यानं बसलाय, त्याच्यावर कुणीतरी टोपी काढून ठेवलीय, हे चित्र जालिंदररावांच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं. मग दोन्हीकडून बरंच बोलणं झालं. शेवटी ठरलं ते असं, की पुढचं बिल दहाच्या आत आलं तर रेडिओ घरात राहील. नाही आलं, तर बन्सी पोतं घेऊन येईल.

दुसऱ्या दिवशी कचेरीत एक परिपत्रक आलं. ते दुष्काळाचं साल होतं. धरणांत पाणी नाही, वीज कमी पडते, तरी सर्वांनी संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात विजेचा वापर शक्य तितका कमी करावा, असं त्यात म्हटलं होतं. बाकीच्यांनी ते न वाचताच सही ठोकली. जालिंदररावांनी मात्र दोनदा वाचलं आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. (पुढं महिनाभर त्यांच्या घरात संध्याकाळी पडलेला उजेड एवढाच.)

"सहा ते नऊ सगळं गाव एकदम वीज ओढतं," घरी आल्यावर त्यांनी समजावून सांगितलं. "म्हणून त्या वेळेला मीटर जोरात पळतं. आपण तेवढ्या वेळात ओढलीच नाही, की बिल निम्मं."

हे शास्त्र कुठल्या पुस्तकात सापडायचं नाही. पण जालिंदरराव ते इतक्या ठासून बोलले, की त्यांच्या दोन्ही मुली आणि म्हातारी आई आक्काबाई माना डोलवत राहिल्या. केशरबाईंनी एवढंच विचारलं, "आनि तुमचा सातचा रेडिओ?"

जालिंदररावांनी रेडिओवरचा पडदा सारखा केला.

"रेडिओ वाचवायचा तर रेडिओ बंद ठेवायला लागेल," ते म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

त्याच संध्याकाळी सहाच्या ठोक्याला त्यांनी स्टुलावर चढून मीटरखालचा चिनी मातीचा पांढरा फ्यूज उपसला, रुमालात गुंडाळला आणि सदऱ्याच्या खिशात घातला. नुसतं बटण बंद करून भागलं नसतं. घरात चार बायका, कोण कधी दिवा लावील याचा भरवसा काय?

"दिवेलागनीला घरात अंधार?" आक्काबाई म्हणाल्या.

"देवापुढं तेलाची समई लाव की, आई. तिला कुठं फ्यूज आहे?"

झालं. घराचं वेळापत्रकच फिरलं. भाकरी पाचला, जेवणं साडेपाचला. नऊला उजेड आला की परत सगळ्यांना भूक लागायची, म्हणून दुसरं जेवण. ज्वारीचा डबा तळाला जाऊ लागला, पण ज्वारी विजेच्या बिलात धरत नाहीत. इस्त्री पहाटे पाचला. पहिल्याच पहाटे झोपेच्या गुंगीत जालिंदररावांनी सदऱ्याच्या पाठीवर इस्त्री ठेवली आणि जांभई दिली. जांभई लांबली. तेव्हापासून ते कचेरीत भिंतीला पाठ लावून बसू लागले. तिसऱ्या संध्याकाळी अंधारात पाण्याचा तांब्या शोधताना त्यांचा पाय नऊच्या जेवणासाठी भिजवून ठेवलेल्या कणकेच्या परातीत गेला. नऊला फ्यूज बसवला तेव्हा कणकेत उजव्या पायाचा पाचही बोटांसकट ठसा निघाला. आक्काबाईंनी त्याच्यावर हळदकुंकू वाहायचं तेवढं बाकी ठेवलं.

पण जालिंदरराव हटले नाहीत. आणखी एक गोष्ट झाली होती, ती त्यांच्या ध्यानात आली नाही. पेपर दुपारच्या एसटीनं यायचा आणि ते तो संध्याकाळी दिव्याखाली वाचायचे. आता दिवा नाही म्हणून पेपर नाही, आणि रेडिओ नाही म्हणून बातम्या नाहीत. नऊनंतर दुसरं जेवण, आणि पहाटे पाचची इस्त्री असायची म्हणून लगेच झोप. जगात काय चाललंय याचा जालिंदररावांना पत्ता लागायचे दोन्ही रस्ते त्यांनी स्वतःच्या हातानं बंद केले होते.

आठव्या दिवशी ते सव्वासहाला फ्यूज खिशात घालून ओट्यावर आले आणि बघतच राहिले. समोर सोपान शिंप्याच्या दुकानात कंदील. पलीकडं छबूबाईंच्या घरात चिमणी. दोन्ही बाजूंना सगळी गल्ली अंधारात. जालिंदररावांनी आपली हकीकत आठवडाभर कचेरीत आणि पाराशी भेटेल त्याला ऐकवली होती. त्याचं असं पीक येईल हे मात्र त्यांना वाटलं नव्हतं.

ते सोपानच्या दुकानाशी गेले. "काय सोपानराव, तुम्हीपण?"

"काय करता सायेब," सोपान सुईत दोरा ओवायची खटपट करत म्हणाला. "आता समद्यांवरच आलंय."

"आलंय खरं. पण कुणीतरी सुरुवात करायला लागते."

सोपाननं मान वर करून त्यांच्याकडं बघितलं, आणि परत सुईत डोकं घातलं.

दोन दिवसांनी केशरबाई जेवण वाढताना म्हणाल्या, "अवो, म्या काय म्हनते, हल्ली सांजची लाईट जाती बरं का."

"लाईट जात नाही, केशर," जालिंदरराव हसून म्हणाले. "मी घालवतो." आणि त्यांनी खिशावर हात थोपटला.

केशरबाई पुढं काहीतरी बोलणार होत्या. पण नवऱ्याचा चेहरा इतका खूष होता, की त्यांनी नुसतं कोरड्यास वाढलं.

त्यानंतर जालिंदररावांना जिकडंतिकडं आपलेच अनुयायी दिसायला लागले. पिठाची गिरणी संध्याकाळची बंद होऊन दुपारी चालू झाली. सिनेमाचा सहाचा खेळ साडेनऊला गेला. एके दिवशी तर रस्त्यावरचे दिवेसुद्धा लागेनात. नगरपालिकेपर्यंत आपलं म्हणणं पोचलं, हे बघून त्यांनी विझलेल्या खांबाला दोन्ही हात जोडले. कचेरीत कुणीतरी म्हणालं, "जालिंदरराव, आता सगळ्या गावाची गत तुमच्यासारखी." त्यावर जालिंदररावांनी "माझं कसलं त्यात," असं म्हणून खाली बघितलं. थोर माणसं असंच म्हणतात.

तरी खरं सांगायचं तर त्या अंधारात घर सुखात होतं. सहाला सगळे ओट्यावर यायचे. आक्काबाई प्रवरेच्या पुराच्या, बाजारात हरवलेल्या बैलाच्या गोष्टी सांगायच्या. मुलींनी अंधारात म्हणून म्हणून एकोणतीसपर्यंत पाढे पाठ केले. केशरबाई एकदा गुणगुणल्या. त्यांचा आवाज गोड आहे हे जालिंदररावांना लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर कळलं, कारण सात वाजता ते दुसरंच काहीतरी ऐकत असत. पण हे कबूल करायची ती वेळ नव्हती. रेडिओ पणाला लागलेला होता.

बिल यायच्या दिवशी बन्सी सकाळच्या एसटीनं दाखल झाला. काखेत घडी घातलेलं स्वच्छ धुतलेलं पोतं होतं. त्यानं सुतळीसुद्धा आणली होती.

दुपारी बिल आलं. जालिंदररावांनी ते मुद्दाम अर्ध्या रजेवर घरी थांबून हातात घेतलं, उघडलं, आणि न बोलता केशरबाईंच्या पुढं धरलं. आठ रुपये वीस पैसे.

"आलं बया," केशरबाई म्हणाल्या.

बन्सीनं बिल उलटंसुलटं करून बघितलं आणि पोत्याची घडी परत काखेत मारली. "दाजी, तुमी जिकले," तो म्हणाला. माणूस दिलदार होता.

जालिंदररावांना आकाश ठेंगणं झालं. त्यांनी जाहीर केलं, की आज सात वाजता, फक्त आजच्या दिवस, नियम मोडून रेडिओ लागेल, आणि तो सगळी गल्ली ऐकेल. ते स्वतः घरोघर बोलावणं करून आले. आक्काबाईंनी रेडिओला कुंकू लावलं. बन्सीनं आपलं पोतं पाहुण्यांना बसायला अंथरलं. केशरबाईंनी रॉकेलच्या शेगडीवर पातेलंभर चहा ठेवला. पावणेसातला सोपान आला, छबूबाई आल्या, मागोमाग गल्लीतली पंधरावीस माणसं हातात कंदील घेऊन आली आणि ओट्यावर दाटीवाटीनं बसली.

"मंडळी," जालिंदरराव स्टुलावर चढून म्हणाले, "महिन्यापूर्वी या घरात एकटा मी अंधारात बसलो. आज सगळं संगमनेर बसलंय. मला आणखी काय पाहिजे?"

मंडळींनी एकमेकांकडं बघितलं. मग एकानं टाळी वाजवली म्हणून सगळ्यांनी वाजवली.

सातच्या ठोक्याला जालिंदररावांनी रुमालातून फ्यूज काढला, कपाळाला लावला आणि जागेवर दाबला. थोरल्या मुलीनं रेडिओचं बटण फिरवलं. काही नाही. दिव्याचं बटण दाबलं. काही नाही. जालिंदररावांनी फ्यूज उपसला, त्याची तार कंदिलाशी धरून बघितली, फुंकर मारली, पुन्हा दाबला. काही नाही. पुन्हा उपसला.

"सायेब," सोपान खालून म्हणाला, "त्याच्यात काई न्हाई. नऊला यील."

"काय नऊला येईल?"

"लाईट. तीन आठवडे झाले की. सा ते नऊ समद्या गावाची बंद ठिवत्यात. पेपरात आलं हुतं, रेडिओवर सांगितलं हुतं."

जालिंदररावांच्या हातातला फ्यूज सुटला, खाली शहाबादी फरशीवर पडला आणि त्याचे तीन तुकडे झाले.

"मग तुम्ही सगळे इथं रेडिओ ऐकायला कशाला आलात?" जालिंदररावांनी स्टुलावरूनच विचारलं.

"आमाला वाटलं, तुमी ब्याटरीची कायतरी सोय केली आसंल," छबूबाई म्हणाल्या. "तुमाला त्यातलं लई कळतं म्हनत्यात."

"बिलं? तुमची बिलं?"

"निम्मी आली की समद्यांची," सोपान म्हणाला.

जालिंदरराव हळूहळू स्टुलावरून खाली उतरले. त्यांनी केशरबाईंकडं बघितलं. "तुला ठाऊक होतं?"

"म्या सांगाया लागले हुते. तुमी म्हनले, मी घालवतो." केशरबाईंनी चहाचा पहिला कप त्यांच्या हातात दिला. "येवढं हौसंनं रोज खिशात घालून बसायचे. कशाला मोडा म्हनलं."

"म्हणजे मी हरलो."

"हरता कशाला? बिल धाच्या आत आलं का न्हाई? आलं. कुनी का आनंना. रेडिओ तुमचा. बोललेलं म्या फिरवत न्हाई."

जालिंदररावांच्या जिवात जीव आला. बन्सीनंही मान हलवली. आणि मंडळी चहा पिऊन गेली असती, पण इतकी माणसं जमलीच होती म्हणून आक्काबाईंनी हरवलेल्या बैलाची गोष्ट काढली, मग केशरबाईंना गायला लावलं. सगळी गल्ली ऐकत बसली. मध्येच जालिंदरराव उठून रेडिओ बाहेर घेऊन आले आणि आपल्या शेजारी पोत्यावर ठेवला. रेडिओ त्यांचा होता. तो वाजत नसला म्हणून काय झालं?

नऊ वाजता सोपानच्या दुकानात दिवा लागला. छबूबाईंकडं लागला. एकेक करत दोन्हीकडची सगळी घरं उजळली, मुलं ओरडली, कुठंतरी कुणाचा रेडिओ मोठ्यानं सुरू झाला, आणि मंडळी आपापले कंदील विझवत घरोघर पांगली. विजेच्या सामानाची दुकानं कधीच बंद झाली होती. नवा फ्यूज उद्या दहाच्या आत मिळायची सोय नव्हती. ओट्यावर पोत्यावर जालिंदरराव होते, त्यांच्या शेजारी त्यांचा मुका रेडिओ होता, पाठीमागं काळोखं घर होतं, आणि सगळ्या संगमनेरात विजेची बचत आता त्या एकाच घरात चालू होती, तीसुद्धा सहा ते नऊची वेळ टळून गेल्यावर.